अनुभव धागा : मन जड झाल्यावर आपण फोनचा आधार कसा घेता?

खान्देशातील निरनिराळ्या वयाच्या मंडळींना आम्ही हाच एक प्रश्न विचारला होता. आलेले अनुभव लिहिणाऱ्यांच्याच शब्दांत देत आहोत; आपलाही अनुभव अवश्य लिहावा.

वय 64, अमळनेर
आम्ही पाच बहिणी. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरी जमून निंबाला बांधलेल्या झोक्यावर गाणी म्हणायची, हा रिवाज लग्नानंतरही चुकला नव्हता. 2020 साली 26 एप्रिलला आखाजी आली तेव्हा मात्र टाळेबंदीमुळे सुरत, शिरपूर, शहादा अशा आम्ही आपापल्या घरी अडकलो होतो. नातवाने व्हॉट्सॲपवर व्हिडिओ कॉल जोडून दिला, पण तेव्हा एका कॉलमध्ये चारच जण बसत (महिनाअखेरीस ती मर्यादा 8 झाली), म्हणून दर गाण्यानंतर एकीने बाहेर पडायचे आणि खोळंबलेल्या बहिणीला आत घ्यायचे, असे ठरले. साऱ्याजणी एकदम गाऊ लागल्या की आवाज मागेपुढे पोहोचत आणि मेळ बसेना. अखेर एकीने ओळ म्हणावी आणि तिचा आवाज थांबल्यावर दुसरीने पुढची उचलावी, अशी रीत लावली. धाकटीचे फक्त कपाळ व कुंकू दिसत होते, तरी "कशी शे वं माय?" हे तिचे शब्द ऐकून मला रडू आवरले नाही. आता आम्ही दर एकादशीला असेच भेटतो.

वय 76, भुसावळ
रेल्वेतून निवृत्त झालो, तेव्हापासून माझ्याकडे बटणांचा साधा फोन आहे. आम्ही तिघे जुने सहकारी रोज सकाळी सहाला एकमेकांना मिस्ड कॉल देतो. तो उचलायचा नाही, आला म्हणजे माणूस उठून बसला आहे एवढेच समजायचे. दोन वर्षांपूर्वी एकाचा कॉल साडेसहापर्यंत आला नाही, तेव्हा मी त्याच्या शेजाऱ्यांना दार ठोठवायला सांगितले. तो न्हाणीघरात घसरून पडला होता. मुलांच्या रविवारच्या फोनपेक्षा मला त्या एका रिंगचा आधार अधिक वाटतो, आणि यात मुलांविषयी काहीही तक्रार नाही.

वय 41, रावेर तालुका
आमच्या केळी उत्पादकांच्या गटात बऱ्हाणपूरचे भाव, करपा, ठिबक यांवर दिवसभर चर्चा चालते. परंतु वादळाने बाग आडवी झाल्यावर कर्जाच्या चिंतेने झोप लागत नाही, हे दोनशे जणांसमोर कोणी लिहीत नाही. मीही लिहिले नव्हते. मी चार दिवस गप्प आहे, हे एका मित्राने हेरले आणि रात्री स्वतंत्र फोन करून तासभर ऐकून घेतले. त्यानेच टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक दिला. ऑक्टोबर 2022 मध्ये सुरू झालेली ही सरकारी सेवा विनामूल्य असून चोवीस तास चालते आणि तेथे मराठीत बोलता येते. प्रत्येक गटप्रमुखाने हा क्रमांक गटाच्या माहितीत लिहून ठेवावा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

वय 20, अक्राणी तालुका
मी नंदुरबारला वसतिगृहात राहते. मैत्रिणींशी रात्री उशिरापर्यंत संदेश चालतात, पण परीक्षेची भीती वाटली की मला आईचाच आवाज लागतो. आमच्या पाड्यावर नेटवर्क नाही आणि आईला वाचता येत नाही, म्हणून मी आमच्या पावरी बोलीत बोलून व्हॉइस मेसेज पाठवते. भाऊ बकऱ्या घेऊन टेकडीवर जातो, तेथे तो मेसेज फोनमध्ये उतरवून घेतो, संध्याकाळी चुलीपाशी आईला ऐकवतो, तिचे उत्तर तेथेच रेकॉर्ड करतो आणि दुसऱ्या दिवशी टेकडीवरून पाठवतो. मागच्या उत्तरात आईच्या बोलण्याआधी बराच वेळ नुसता भाकरी थापल्याचा आवाज होता. तेवढा भाग मी पुन्हा पुन्हा ऐकते.