मदत हवी आहे : बिंदू समीकरणात बसतो, तरी रेषा समांतर का निघत नाही?

नमस्कार. मी कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरातील एका वर्कशॉपमध्ये टर्नर आहे. मुलगी अकरावी सायन्सला असून तिचे गणित इंग्रजीतून आहे, त्यामुळे मला जे येते तेही तिला समजावताना अडखळायला होते; तिचा ‘स्लोप’ म्हणजे आमचा ‘चढ’ एवढे तरी आता जुळले आहे. खाली मी क्ष आणि य हीच अक्षरे वापरली आहेत, चालवून घ्यावे.

गणित असे आहे : ३क्ष + ४य = १२ या रेषेला समांतर असणाऱ्या आणि (२, ५) या बिंदूतून जाणाऱ्या रेषेचे समीकरण काढा. आम्ही दोघांनी चढ ३/४ धरला, य − ५ = ३/४ (क्ष − २) असे मांडले आणि ३क्ष − ४य + १४ = ० असे उत्तर काढले. ताळा म्हणून क्ष = २ व य = ५ घालून पाहिले, तर ६ − २० + १४ म्हणजे नेमके शून्य आले, आणि त्यामुळे उत्तर बरोबर असल्याची आमची खात्रीच झाली. क्लासच्या वहीत मात्र ३क्ष + ४य = २६ हे उत्तर आहे आणि त्याखाली ‘डावी बाजू तशीच ठेवा, उजवीकडचा आकडा बदला’ एवढीच ओळ आहे. मुलीने कारण विचारले तेव्हा ती ट्रिक असल्याचे आणि पाठ करून ठेवण्याचे सांगण्यात आले. पाठ करायला हरकत नाही, पण ताळा जुळूनही आमचे उत्तर चुकते कसे आणि ही ट्रिक का चालते, हे कोणी समजावून सांगेल काय?

प्रतिसाद १

तुमच्या ताळ्याने अर्धीच गोष्ट तपासली आहे. रेषा (२, ५) मधून जाते एवढे त्यातून सिद्ध होते. ती दिलेल्या रेषेला समांतर आहे की नाही, याबद्दल तो ताळा काहीच बोलत नाही. (२, ५) मधून असंख्य रेषा जातात आणि त्या सगळ्याच या परीक्षेत उत्तीर्ण होतील.

चूक चिन्हाची आहे, आणि समीकरणात ३ आणि ४ शेजारी दिसले की ती हमखास होते. य एकटा करून पाहा : ४य = −३क्ष + १२, म्हणून य = −(३/४)क्ष + ३. म्हणजे चढ −३/४ आहे. उजवीकडे ४ घरे सरकल्यावर रेषा ३ घरे खाली उतरते. आलेख कागदावर मूळ रेषा (०, ३) आणि (४, ०) या बिंदूंतून काढा, मग तुमची रेषा काढा. तुमची रेषा य-अक्षाला ३.५ वर छेदते आणि चढत जाते. अक्षाच्या किंचित डावीकडे, (−१/३, १३/४) येथे, दोन्ही एकमेकींना छेदताना दिसतील. योग्य चढ घेतला तर य − ५ = −(३/४)(क्ष − २), म्हणजे ४य − २० = −३क्ष + ६, म्हणजेच ३क्ष + ४य = २६. वहीतले उत्तर हेच आहे.

मूळ प्रश्नकर्ता

आभारी आहे. आलेख काढल्यावर दोन्ही रेषा खरोखरच अक्षाला लागून एकमेकींवर चढल्या, तेव्हा मुलगी स्वतःच हसली. परंतु पुढच्याच गणितात क्ष = ४ या रेषेला समांतर रेषा (−३, ७) मधून काढायची आहे. तिथे य नाहीच, मग एकटा कोणाला करायचा? चढ काढायला गेलो तर छेदात शून्य येतो.

प्रतिसाद २

येथेच वहीतली ती ओळ उपयोगी पडते, आणि माझ्या मते तिला ट्रिक म्हणणे हा तिच्यावर अन्याय आहे. चढ हा शब्द क्षणभर बाजूला ठेवा. ३क्ष + ४य = १२ या रेषेवर चालताना क्ष ४ ने वाढला तर डाव्या बाजूत १२ ची भर पडते आणि त्याच वेळी य ३ ने घटल्यामुळे १२ वजा होतात; बेरीज जिथल्या तिथे राहते. आता हीच चाल (२, ५) पासून चाला. ३ × २ + ४ × ५ = २६, आणि ४ घरे उजवीकडे व ३ घरे खाली गेल्यावर (६, २) येथे १८ + ८, पुन्हा २६. दिशा ३ आणि ४ या सहगुणकांनी ठरवली आहे, उजवीकडचा आकडा ती रेषा कागदावर कुठे पडते एवढेच सांगतो. म्हणून सहगुणकांना हात लावायचा नाही आणि दिलेला बिंदू डाव्या बाजूत घालून येईल तो आकडा उजवीकडे लिहायचा. क्ष = ४ मध्ये डाव्या बाजूला नुसता क्ष आहे; त्यात बिंदूचा −३ घाला, उत्तर क्ष = −३. भागाकार कुठे आलाच नाही, त्यामुळे शून्याची अडचणही नाही.

एक काळजी घ्या. समीकरण य = २क्ष + ७ अशा रूपात आले तर आधी क्ष आणि य दोन्ही एका बाजूला आणा, नाहीतर नेमका कोणता आकडा बदलायचा यात घोळ होतो. बिंदू घातल्यावर जुनाच आकडा आला, उदाहरणार्थ (८, −३) घेतल्यास २४ − १२ = १२, तर तो बिंदू मूळ रेषेवरच आहे आणि वेगळी समांतर रेषा निघणार नाही.

मूळ प्रश्नकर्ता

आता उलगडा झाला, आणि हे मी रोज हाताने करत असूनही मला दिसले नव्हते याचे नवल वाटते. लेथवर टेपर, म्हणजे निमुळता आकार, काढताना कंपाउंड स्लाइड, म्हणजे टूल तिरपे सरकवणारा भाग, एकदा अंशात फिरवून बोल्ट आवळला की त्याला पुन्हा हात लावायचा नसतो. पुढचा प्रत्येक कट क्रॉस स्लाइडने, म्हणजे टूल आडवे सरकवणाऱ्या भागाने, टूल थोडे आत घेऊन द्यायचा, म्हणजे तो आधीच्या कटाला समांतरच पडतो. मुलीला आज संध्याकाळी वर्कशॉपमध्ये बोलावले आहे.