प्रवासात, वीज नसताना, उघड्यावर हुक्क्याचे कोळसे कसे पेटवावेत?

संत्रानगरीकर:

नमस्कार. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही चार मित्र नागपूरहून मोटारीने अमरावती, परतवाडा या मार्गाने चिखलदऱ्याला जाणार आहोत. त्याआधी एका शनिवारी, तालीम म्हणून म्हणा हवे तर, रामटेकजवळ एका मित्राच्या शेतावर रात्रीचा मुक्काम ठरला आहे. हुक्का आमचा स्वतःचा आहे आणि घरी आम्ही नारळाच्या करवंटीचे चौकोनी कोळसे विजेच्या कॉइलवर आठ-दहा मिनिटांत पेटवतो, त्यामुळे घरी कधी अडचण आली नाही. अडचण बाहेर गेल्यावर येते.

मागच्या वर्षी मी मोटारीतल्या लायटरच्या खोबणीला छोटा इन्व्हर्टर जोडून त्यावर कॉइल लावली, तर क्षणात फ्यूज उडाला आणि पुढचे दोन दिवस कोणाचाही फोन मोटारीत चार्ज झाला नाही. मग वाटेतल्या एका पानठेल्यावरून काडीने पेटणारे 'मॅजिक कोल' घेतले. वाऱ्यामुळे अर्धी काडेपेटी संपली, वडी एका बाजूने पेटली आणि दुसऱ्या बाजूने काळीच राहिली, धुराला फटाक्यांच्या दारूसारखा वास आला आणि आमच्यापैकी दोघांचे डोके रात्रभर दुखले. विजेशिवाय करवंटीचे कोळसे नीट पेटवण्याचा खात्रीचा मार्ग कोणता, वाऱ्याचे काय करावे आणि चिखलदऱ्याच्या थंडीत त्यात काही बदल करावा लागेल का, हे अनुभवी मंडळींनी सांगावे. हुक्का आरोग्याला वाईट आहे हे मला ठाऊक आहे, त्यावर प्रवचन नको. मात्र पेटवण्याच्या पद्धतीत धोका असेल तर तो अवश्य सांगावा.

खटपट्या धरमपेठकर:

फ्यूज उडाला हे उत्तमच झाले, कारण तो उडाला नसता तर वायर वितळली असती. आपली कॉइल 600 वॅटची आहे असे धरले तर 12 व्होल्टच्या बॅटरीतून तिला 50 अँपिअर प्रवाह लागतो, आणि लायटरच्या खोबणीचा फ्यूज बहुधा 10 ते 20 अँपिअरचा असतो. म्हणजे त्या खोबणीतून दीडशे-दोनशे वॅटच्या पलीकडे काही मागणेच चूक आहे. इन्व्हर्टरवर कितीही मोठा आकडा छापलेला असला तरी हे गणित बदलत नाही.

मॅजिक कोलच्या वासाचे कारण असे की त्यात पटकन पेट घेण्यासाठी शोऱ्यासारखे, म्हणजे प्राणवायू पुरवणारे द्रव्य मिसळलेले असते. ठिणग्या पळत जातात ते तेच जळत असते. ते पूर्ण जळून वडीवर सगळीकडून करडी राख येईपर्यंत ती चिलमीवर ठेवूच नये. आपण बहुधा ठिणग्या थांबताच ठेवली असावी.

करवंटीच्या कोळशाला असे काही मिसळलेले नसते. त्यात भुकटी बांधण्यापुरता स्टार्च असतो, आणि म्हणूनच त्याला काडी लावून काही होत नाही. त्याला खालून सलग आच लागते. मी गेली काही वर्षे एका बर्नरची, बाजूला गॅसचा डबा बसवायची छोटी शेगडी वापरतो. शेगडीवर जाड तारेची जाळी, जाळीवर कोळसे एकमेकांना चिकटून, आणि मध्यम आच. पाच मिनिटांनी चिमट्याने प्रत्येक कोळसा उलटायचा, आणखी पाच मिनिटे ठेवायचा आणि सगळ्या बाजू लालसर होऊन वर राखेचा पातळ थर आला की उचलायचा. अशी शेगडी पूर्ण आचेवर ताशी साधारण 150 ते 175 ग्रॅम गॅस खाते, तेव्हा मध्यम आचेवर दहा मिनिटांना वीस ग्रॅमच्या आसपास खर्च होतो आणि सव्वादोनशे ग्रॅमच्या एका डब्यात दहा वेळा तरी कोळसे पेटतात. 25 मिलिमीटरचे कोळसे एका किलोत सत्तरच्या आसपास येतात आणि एका चिलमीला एका वेळी तीन पुरतात, त्यामुळे दोन रात्रींसाठी पूर्ण खोके घेऊन जाण्याचे कारण नाही.

आता वारा. येथे एक चूक मी स्वतः केली आहे. पत्र्याचा आडोसा शेगडीच्या चारही बाजूंनी घट्ट लावला, आणि थोड्या वेळाने गॅसच्या डब्याला हात लावला तर तो चांगलाच तापलेला होता. आडोसा फक्त वाऱ्याच्या बाजूने आणि फार तर अर्धगोल असावा. डबा नेहमी मोकळ्या हवेत राहिला पाहिजे. त्याच कारणाने जाळी किंवा तवा इतका मोठा नसावा की तो डब्यावर येईल आणि निखाऱ्यांची धग सरळ त्याच्यावर पडेल.

थंडीचे म्हणाल तर या डब्यांत बहुतेक वेळा ब्युटेन असतो आणि तो उणे 0.5 अंश सेल्सिअसला उकळतो. चिखलदऱ्याला तापमान शून्याच्या वर असले तरी गॅस बाहेर पडताना डबा स्वतः गार होत जातो, आणि आतले द्रव त्या बिंदूच्या जवळ गेले की ज्योत मरगळते. त्यासाठी चिखलदऱ्यापर्यंत जाण्याचीही गरज नाही. 29 डिसेंबर 2018 रोजी आपल्या नागपुरातच पारा 3.5 अंशांवर उतरला होता. डबा वापरण्यापूर्वी अर्धा तास पांघरुणात ठेवावा, किंवा कोमट पाण्याच्या उथळ ताटलीत उभा करावा. कोमट म्हणजे हाताला सोसेल इतपत; आचेजवळ नेऊन गरम करण्याचा विचारही नको. आणि उरलेले डबे मोटारीत विसरून मे महिना उजाडू देऊ नका, कारण त्यांच्यावर 50 अंशांची मर्यादा छापलेली असते आणि आपल्याकडे उन्हात उभी असलेली बंद मोटार ती सहज ओलांडते.

जुनी शेगडी:

धरमपेठकरांचे गणित बरोबर आहे, पण ज्या मुलखात रोडगे गोवऱ्यांच्या आरावर भाजले जातात, त्या मुलखातल्या माणसाने तीन कोळसे पेटवायला गॅसचा डबा विकत घ्यावा याचे मला थोडे हसू आले. त्यातून शेतावर मुक्काम असेल तर गोवऱ्या जागेवरच मिळतील.

पाच लिटर तेलाचा रिकामा पत्र्याचा डबा घ्यावा आणि त्याचे झाकण पूर्ण कापून टाकावे. तळापासून चार बोटे उंचीवर आरपार तीन सळ्या घालून त्यांवर जाळी ठेवावी आणि जाळीच्या खाली चहूबाजूंनी खिळ्याने बोटभर रुंद भोके पाडावीत. खाली गोवरीचे तुकडे आणि थोडा कागद, जाळीवर कोळसे. डबा धुराड्यासारखे काम करतो: गरम हवा वर जाते, खालच्या भोकांतून ताजी हवा आपोआप ओढली जाते, आणि जो वारा काडी विझवत होता तोच आता फुंकणीचे काम करतो. भोके वाऱ्याच्या दिशेला जास्त ठेवली तर फुंकावेही लागत नाही. वीस-पंचवीस मिनिटे लागतात, हे मान्य. डब्यावरचा रंग घरीच एकदा रिकामी शेगडी पेटवून जाळून घ्यावा, आणि जस्ताचा मुलामा दिलेली बादली किंवा पत्रा या कामी कधीही घेऊ नये, कारण तापलेल्या जस्ताचा धूर बाधतो.

रॉकेल, पेट्रोल, डिझेल यांचा थेंबही नको. ज्या कोळशाचा धूर आपण नळीने आत ओढणार, त्याला ते लावणे शहाणपणाचे नाही, शिवाय पेट्रोलचा भडका हात वाचवण्याइतका वेळ देत नाही. कापराच्या दोन वड्या गोवरीखाली ठेवायला हरकत नाही; काजळी धरते, पण ती पुढे जळून जाते.

संत्रानगरीकर:

दोघांचेही आभार. शेगडीकाका, एक शंका आहे: गोवरीच्या धुराचा वास कोळशाला लागत नाही का? आणि इस्त्रीवाल्याकडचा साधा लाकडी कोळसा चालेल का? तो आमच्या गल्लीच्या तोंडाशीच मिळतो.

जुनी शेगडी:

गोवरी धुमसत असताना कोळसा उचलला तर वास नक्की लागेल. धूर पूर्ण थांबून नुसता आर उरला आणि कोळसा आतपर्यंत लाल झाला की वास जळून जातो. लाकडी कोळसा पेटायला सोपा, पण तो तडतडतो, ठिणग्या उडवतो, लवकर संपतो आणि त्याची राख हलकी असल्याने वाऱ्यावर उडते. करवंटीचा कोळसा तासभर तरी एकसारखी आच देतो. इस्त्रीवाल्याचा कोळसा फार तर जाळीखाली, गोवरीच्या जागी वापरा.

पानगळ:

मी वनखात्यात काही वर्षे काम केले आहे, म्हणून दोन गोष्टी सांगतो, आणि दोन्ही आपण विचारलेल्या 'धोका असेल तर' या सदरातल्या आहेत.

पहिली डोकेदुखीची. आपण ती मॅजिक कोलच्या वासावर ढकलली, पण कोळसा कोणताही असो आणि कितीही नीट पेटलेला असो, धुमसताना त्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतोच. पूर्ण पेटलेल्या कोळशातून कच्च्या कोळशाचा धूर आणि वास येत नाही, एवढाच फरक. तो निर्धोक झाला असा त्याचा अर्थ नाही. या वायूला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. डोके दुखणे, मळमळणे, गुंगी येणे ही त्याचीच लक्षणे आहेत. मागच्या वेळी आपण मोटारीच्या काचा लावून आत बसला होतात का? चिखलदऱ्याच्या थंडीत निखाऱ्यांची शेगडी तंबूत किंवा खोलीत ऊब म्हणून ओढून घेण्याचा मोह होतो, आणि शेगडी आत घेऊन झोपलेली माणसे पुन्हा न उठल्याच्या बातम्या आपण हिवाळ्यात वाचतच असतो. पेटवणे, ओढणे आणि विझवणे हे तिन्ही छताबाहेर झाले पाहिजे. तंबाखू नसलेला 'हर्बल' मसाला वापरला तरी हे टळत नाही, कारण वायू कोळशाचा असतो.

दुसरी गोष्ट जागेची. चिखलदरा मेळघाटाच्या जंगलाला लागून आहे आणि रामटेकच्या पुढे पेंचचे जंगल सुरू होते. भारतीय वन अधिनियम, 1927 च्या कलम 26 प्रमाणे राखीव वनात आग पेटवणेच काय, अधिसूचित काळाबाहेर ती बाळगणे आणि नेणे हाही गुन्हा ठरतो, आणि अभयारण्यात धोका होईल अशा रीतीने आग पेटवण्याला किंवा पेटती सोडून जाण्याला वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 च्या कलम 30 ची मनाई आहे. 'आमची तर गॅसची छोटी शेगडी आहे' हा बचाव तेथे चालत नाही. आपल्या राज्यात वणव्याचा हंगाम 15 फेब्रुवारी ते 15 जून धरला जातो, परंतु सागाची वाळलेली पाने डिसेंबरातही पायाखाली असतात आणि वाऱ्यावर गेलेली एक ठिणगी त्यांना पुरते. शहरातले उदाहरण हवे असेल तर 29 डिसेंबर 2017 च्या मध्यरात्रीनंतर मुंबईत कमला मिलच्या आवारात लागलेल्या आगीत 14 माणसे गेली, आणि अग्निशमन दलाच्या चौकशीत हुक्क्याच्या कोळशाच्या ठिणग्यांकडे बोट दाखवले गेले. त्यानंतर 2018 मध्ये राज्याने कायद्यात दुरुस्ती करून हुक्का पार्लरवर बंदी आणली. त्यामुळे चिखलदऱ्याच्या एखाद्या रिसॉर्टने 'हुक्का आम्हीच लावून देतो' असे म्हटले तर त्या भानगडीत पडू नका. आणि आपला स्वतःचा हुक्का असला तरी हॉटेलच्या सार्वजनिक जागेत धूम्रपानाला मनाई असते, हे लक्षात असू द्या.

खटपट्या धरमपेठकर:

पानगळ यांनी विझवण्याचा उल्लेख केला, तो माझ्या उत्तरात राहिला होता. लोक निखारे वाळूत किंवा मातीत पुरतात आणि विझले असे समजतात. करवंटीचा कोळसा राखेखाली, मातीखाली तासन्‌तास जिवंत राहतो. अर्धी बादली पाणी शेजारी ठेवून चिमट्याने एकेक निखारा त्यात सोडावा. वरून पाणी ओतले तर वाफेबरोबर गरम राख अंगावर येते. बादली लोखंडी किंवा स्टीलची हवी, आणि अर्ध्या तासाने हात घालून प्रत्येक तुकडा गार झाला का ते चाचपून पाहावे.

संत्रानगरीकर:

शनिवारी रामटेकजवळचा मुक्काम झाला, म्हणून हकीकत कळवतो. गॅसची शेगडी आणि डब्याची शेगडी या दोन्ही सोबत नेल्या होत्या. गॅसवर वाऱ्याच्या बाजूने मोटारीच्या स्टेपनीचा आडोसा केला (पत्रा घरीच विसरला) आणि कोळसे बारा मिनिटांत तयार झाले. डब्याच्या शेगडीला पहिल्या वेळी चाळीस मिनिटे लागली, कारण गोवऱ्या दवाने ओल्या होत्या. मित्राच्या आईने चुलीजवळच्या कोरड्या गोवऱ्या आणून दिल्या तेव्हा ती वीस मिनिटांवर आली. त्या माउलीने त्याच आरावर आम्हाला वांगी भाजून दिली, आणि खरे सांगायचे तर हुक्क्यापेक्षा भरताचीच चर्चा जास्त झाली.

पानगळ यांच्या प्रश्नाचे उत्तर: होय, मागच्या वर्षी आम्ही मोटारीतच बसलो होतो आणि काचा बोटभरच उघड्या होत्या. या वेळी सगळे अंगणात झाले आणि बसणेही कमी वेळ झाले. डोके कोणाचेच दुखले नाही. एक निखारा मी मुद्दाम मातीत पुरून ठेवला होता. दोन तासांनी उकरला तर तो आत लाल होता आणि त्यावर ठेवलेले वाळके पान लगेच काळे पडले. चिखलदऱ्याला डब्याची शेगडी नेणार नाही. गॅस, जाळी, अर्धगोल पत्रा आणि स्टीलची बादली एवढेच सामान न्यायचे आणि पेटवायचे ते मुक्कामाच्या जागेच्या मालकाला विचारून, त्याने दाखवलेल्या फरशीवरच, असे ठरले आहे. तो नको म्हणाला तर हुक्का डिकीतच राहील.

जुनी शेगडी:

डबा नेणार नसाल तर त्या मित्राच्या आईकडेच राहू द्या. वांगी भाजायला उपयोगी पडेल.