एच. पायलोरी या जठरातल्या जंतूवरचा औषधांचा कोर्स केल्यावर वजन वाढतं का? मदत हवी आहे

शेवंती

नमस्कार मंडळी. जरा सविस्तर लिहिते, नाहीतर पहिले दहा प्रतिसाद "वय किती, वजन किती" विचारण्यातच जातात.

वय 44, उंची पाच फूट दोन इंच, वजन 79 किलो. काम बसून. तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी 6.1, म्हणजे डॉक्टरांच्या भाषेत काठावर. दिवाळीनंतर रात्रीचा भात सोडून आणि रोज संध्याकाळी कृष्णेच्या घाटापर्यंत चालून थोडंफार उतरवलंय. ते कसं उतरतं हे ज्याने उतरवलंय त्यालाच ठाऊक.

मूळ तक्रार पोटाची. दोन घास खाल्ले की पोट डब्ब, करपट ढेकर, पहाटे जळजळ. त्यात हिमोग्लोबिन 9.2, लोहाच्या गोळ्या खाऊनही जागचं हलत नाही. शेवटी एंडोस्कोपी झाली. अल्सर नाही, पण जठराच्या खालच्या भागाला सूज आहे. तिथला कणभर तुकडा काढून तंत्रज्ञाने एका पट्टीवरच्या पिवळ्या जेलीत खुपसला. घशाचा बधिरपणा उतरायची वाट बघत मी बाहेर बसले होते, तोवर जेली चक्क राणी रंगाची झाली. "पॉझिटिव्ह", म्हणजे जंतू आहे, एवढं सांगून तो पुढच्या पेशंटकडे वळला.

14 दिवसांचा कोर्स मिळालाय. दोन वेळा ॲसिड कमी करणारी गोळी, शिवाय बिस्मथ, आणि टेट्रासायक्लिन व मेट्रोनिडाझोल ही दोन अँटिबायोटिक्स. गोळ्या आणून कपाटात ठेवल्यात, पण सुरू केलेल्या नाहीत. कारण जाऊबाई. त्यांच्या भावाने हाच कोर्स केला आणि पुढच्या काही महिन्यांत त्याच्या पँटची बटणं लागेनाशी झाली म्हणे. सासूबाईंचं मत, "असतील मेले चार जंतू, तुला काबूत तरी ठेवतायत." आमचे हे म्हणतात, ॲसिडिटी कुणाला नसते.

नेटवर बघितलं तर एकीकडे हा जंतू भूक कमी करतो असं लिहिलंय, दुसरीकडे जाड माणसांत तो जास्त सापडतो असं. नक्की काय समजायचं? कुणी कोर्स केलाय का? वजनाचं काय झालं? माझ्यासारख्या आधीच भरलेल्या बाईने तो घ्यावा की थांबावं? डॉक्टरांना वजनाचं विचारलं तर हसले आणि "आधी गोळ्या घ्या" म्हणाले.

खमंग_थालीपीठ

घेऊन टाक गं. मी केलाय. तोंडात दिवसभर पितळेचं भांडं चाटल्यासारखी चव, मळमळ आणि काळी शी. त्या दिवसांत उलट बारीक झाले होते! नंतर दोनेक किलो वाढले, पण ते कोर्समुळे की आंबे सुरू झाल्यामुळे, देव जाणे. एक मात्र खरं, कित्येक वर्षांनी मिसळ खाऊन रात्री शांत झोपले.

सूक्ष्मदर्शी

शेवंतीताई, मी डॉक्टर नाही, कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवतो. तेवढ्या हद्दीत लिहितो.

जाऊबाईंच्या भावाची गोष्ट अगदीच हवेतली नाही. इंग्लंडमध्ये ब्रिस्टॉलला यावर मोठा प्रयोग झाला आणि वजनाचे निष्कर्ष 2011 मध्ये छापून आले. 20 ते 59 वयाच्या दहा हजारांवर सामान्य लोकांची तपासणी केली, दीड हजारांच्या आसपास लोकांत जंतू सापडला. चिठ्ठ्या टाकल्यासारखे त्यांचे दोन गट पाडले, एकाला खरं औषध, दुसऱ्याला तशाच दिसणाऱ्या बिनऔषधी गोळ्या. सहा महिन्यांनी औषधवाल्यांचं सरासरी वजन 77.7 वरून 78.4 किलो झालं आणि बिनऔषधवाल्यांचं 76.8 वरून 77.2. आपल्या आपणही माणसं वाढतात, हे इथे लक्षात घ्या. सुरुवातीचा फरक वगैरे जमेस धरून हिशेब केल्यावर दोन्ही गटांतला फरक साधारण अर्धा-पाऊण किलो. तीन किंवा जास्त किलो वाढलेले औषधवाल्यांत 19 टक्के, दुसऱ्या गटात 13 टक्के. म्हणजे औषध घेतलेल्या दर पाचांतले चार जण तीन किलोंच्या आतच राहिले. जाऊबाईंचा भाऊ बहुधा त्या पाचव्यात, आणि त्या पाचव्यांतलेही बरेच जण गोळ्यांशिवाय वाढलेच असते.

कारण काय? एक सरळ आहे : पोट दुखायचं थांबलं की माणूस जेवतो. दुसरं हार्मोनचं. भूक चेतवणारं घ्रेलिन मुख्यतः जठराच्या वरच्या भागात तयार होतं (जपानी शास्त्रज्ञांनी ते 1999 मध्ये शोधलं). जंतूमुळे अस्तराला जुनी सूज असली की रक्तातलं घ्रेलिन कमी आढळतं. मग जंतू गेला की ते वाढेल आणि भूकही वाढेल, असा तर्क. पण प्रत्यक्ष मोजल्यावर काही अभ्यासांत ते वाढलं, काहींत घटलं, काहींत होतं तिथेच राहिलं. त्यामुळे घ्रेलिनवर सगळं ढकलणारे लेख वाचताना जरा हात राखून.

जाड माणसांत जंतू जास्त की कमी, यावरचे आकडे देशागणिक बदलतात. हा जंतू बहुतेकांना लहानपणीच, दाटीवाटीच्या घरात आणि अस्वच्छ पाण्यातून लागतो. वजनही वय, पैसा आणि खाण्यावर ठरतं. एका वेळच्या पाहणीत दोन्ही गोष्टी सोबत दिसल्या म्हणून एकीने दुसरी झाली असं ठरत नाही. ब्रिस्टॉलच्या प्रयोगाला मी वजन देतो ते त्यासाठीच.

आता सासूबाईंचा मुद्दा. जंतूला डाएटिशियन म्हणून पोटात ठेवणं महागात पडेल. याच्यामुळे अल्सर होतो हे ऑस्ट्रेलियातल्या पर्थच्या वॉरन आणि मार्शल या डॉक्टरांनी दाखवलं, मार्शल यांनी तर 1984 मध्ये जंतूंचं द्रावण स्वतः पिऊन जठराची सूज ओढवून घेतली. दोघांना 2005 चं नोबेल मिळालं. 1994 पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेच्या यादीत हा जंतू कर्करोगाला कारण ठरणाऱ्यांच्या पहिल्या गटात आहे. बहुतेकांना कर्करोग होत नाही, घाबरू नका. पण अर्ध्या किलोच्या भीतीने जंतू पाळूही नका.

आणि तुमचं हिमोग्लोबिन! अन्नातलं लोह शोषायला जठरातलं आम्ल लागतं. जुन्या सुजेत ते कमी पडू शकतं आणि गोळ्या वाया जातात. मला तर वजनापेक्षा तोच प्रश्न मोठा वाटतो.

उगाच_शंका

पण आपल्याकडे निम्म्याहून जास्त लोकांत हा जंतू असतो म्हणतात. मग सगळ्या महाराष्ट्राला अँटिबायोटिक्स चारायची का?

सूक्ष्मदर्शी

सगळ्यांना शोधत फिरायला कोण सांगतंय? ताईंना त्रास आहे, अस्तराला सूज आहे, लोह कमी आहे आणि जंतू सापडलाय. फक्त 44 व्या वर्षी पाळीत रक्त जास्त जातंय का, तेही बघून घ्या. सगळं खापर एकट्या जंतूवर नको.

कोकणकडा

थोडं अवांतर, पण उलट बाजूही लिहून ठेवतो. आमच्या मामाचं वजन काही न करता उतरत गेलं. एका ठिकाणी एच. पायलोरी सापडला आणि "यामुळेच" म्हणून बोळवण झाली. पुढे दुसऱ्या डॉक्टरांनी क्षयरोग शोधला. सहा महिने ते वर्षभरात आपोआप पाच टक्क्यांहून जास्त वजन घटलं, गिळायला अडकतंय, सारखी उलटी होतेय, तर साखर, थायरॉइड, क्षय, कर्करोग सगळं तपासून घ्या. या जंतूच्या नावावर सोडून देऊ नका.

शेवंती

सगळ्यांचे आभार. सूक्ष्मदर्शी सर, वर्गात असं शिकवणारं कुणी असतं तर मी सायन्स सोडलं नसतं. माझं वजन मी मुद्दाम उतरवलंय, त्यामुळे कोकणकडांची भीती मला नाही. पाळीचं विचारते. सोमवारपासून सुरू करतेय. जंतू गेला हे कळायला परत एंडोस्कोपी करावी लागते का? आणि लोहाची गोळी सोबत चालू ठेवायची ना?

सूक्ष्मदर्शी

अल्सर नव्हता, तर सहसा नाही. फुंकून करायची श्वासाची चाचणी असते, नाहीतर शौचाची. कोर्स संपल्यावर किमान चार आठवड्यांनी, आणि ॲसिडची गोळी दोन आठवडे बंद ठेवून. घाई केली तर जंतू असूनही निगेटिव्ह येते. रक्तातल्या अँटिबॉडीची (शरीराने जंतूविरुद्ध बनवलेल्या प्रथिनाची) चाचणी नको, जंतू गेल्यावरही ती बराच काळ पॉझिटिव्ह राहते.

लोहाचं बरं विचारलंत. लोह, दूध, दही, ताक टेट्रासायक्लिनला धरून बसतात आणि औषध अंगी लागत नाही. लोहाची गोळी 14 दिवस थांबवायची की वेळ बदलायची, हे सोमवारच्या आत डॉक्टरांना फोन करून विचारा.

खमंग_थालीपीठ

आणि जेवणानंतरचं ताक सोड गं तेवढे दिवस. मला कुणी सांगितलंच नव्हतं.