मुलांना अहिंसा कशी समजावावी?

प्रश्न: माझा सहा वर्षांचा मुलगा मुंग्या चिरडतो आणि चिडला की धाकट्या बहिणीवर हात उगारतो. ‘पाप लागते’ एवढ्यावर न थांबता त्याला अहिंसा कशी समजावावी?

उत्तर १: पापाची भीती फार दिवस टिकत नाही. नागपंचमीला आपल्याकडे चिरणे, खणणे, नांगरणे टाळतात आणि पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे हळद-तुपाने मळतात. गावी जाणे होत असेल, तर ते त्याच्या हातून करवून घ्यावे.

उत्तर २: योगसूत्रे रचणाऱ्या पतंजलींच्या पाच यमांत, म्हणजे संयमाच्या नियमांत, अहिंसा पहिली आहे आणि गीतेच्या सतराव्या अध्यायात उद्वेग न देणारे बोलणे हे वाणीचे तप मानले आहे, तेव्हा घरात मोठ्यांचाच आवाज चढत असेल (हे आपल्याला उद्देशून नाही), तर उपदेश व्यर्थ आहे.

उत्तर ३: मुंग्यांना साखर त्यालाच घालू द्यावी. बहिणीवर हात उगारल्यास मात्र तत्काळ अडवावे. तिथे कथा नको.