नांदूर मधमेश्वर: ही चक्रांग की भुवई?

कडवाकाठ:
दसऱ्यानंतरच्या रविवारी नांदूर मधमेश्वर पक्षी अभयारण्यात, चापडगावच्या निरीक्षण मनोऱ्यावर होतो. वारकरी पक्षी भरपूर, जांभळ्या पाणकोंबड्या नेहमीच्या. पाणकणसाच्या कडेला मात्र वीसेक बारकी तपकिरी बदकं, सगळी एकसारखी, नर एकही दिसेना. फोटो धड आले नाहीत. ही चक्रांग बदकं असावीत की भुवई बदकं? आणि चक्रवाक कुणाला दिसले का?

सिन्नरकर:
मला शनिवारी थापट्ये बदकं दिसली, तलवार बदकांची एक जोडी आणि लांबवर चार चक्रवाक. तुमची चक्रांगच असणार. पुढच्या वेळी टाळी वाजवा, उडाली की पंख बघा, झालं काम.

गोदाथडी:
टाळी अजिबात नको. हिमालय ओलांडून आलेला जीव दोन घटका टेकलाय, त्याला आपल्या यादीपायी कशाला उठवायचं? पंखच बघायचेत ना, मग भोवत्या या शिकारी पक्ष्याची वाट बघा. तो पाणकणसावरून घिरट्या घालत आला की अख्खं पाणी आपोआप उठतं. तेवढ्यात दुर्बीण लावायची.

आता 'नर दिसेना' याबद्दल. नर त्यात असणारच, पण साध्या कपड्यांत. विणीनंतर बदकांची उडायची पिसं एकदमच झडतात, काही आठवडे उडताच येत नाही. अशा वेळी अंगावर झगमगीत रंग असले तर जीव जायचा, म्हणून नरही मादीसारखा मळकट होतो. आपल्याकडे येतो तेव्हा पंख नवे असतात, अंग तेच मळकं. चक्रांगाचा नर दिवाळीनंतर रंगायला लागतो. भुवईचा नर मात्र महा आळशी, हिवाळा निम्मा सरला तरी त्याची ती पांढरी भुवई धड उमटलेली नसते. त्यामुळे पुस्तकातलं चित्र मांडीवर घेऊन बसलात तर ऑक्टोबरात काहीच ओळखू येणार नाही.

चेहरा बघा. भुवईच्या तोंडावर पट्टे असतात: डोळ्यातून एक गडद रेघ, गालावर दुसरी, आणि चोचीच्या मुळाशी फिकट ठिपका. चक्रांगाचं तोंड त्यामानाने कोरं, पण शेपटीच्या बाजूला फिकट रेघ असते, ती बसल्या बदकावरही दिसते. उडताना चक्रांगाच्या पंखावर हिरवा पट्टा चमकतो आणि ठळक पांढरी कड त्याच्या पुढच्या अंगाला असते. भुवईची ठळक पांढरी कड मागच्या अंगाला, आणि नराच्या खांद्याकडचा पंख राखी-निळा. निळा दिसला म्हणून लगेच नाचू नका, थापट्याचाही तसाच असतो. पण त्याची ती फावड्यासारखी चोच लपत नाही.

भुवई आपल्याकडे सगळ्यांत आधी येणाऱ्यांपैकी. म्हणून चेहरा न बघता पैज लावायची तर मी भुवईवर लावेन.

कडवाकाठ:
झूम करून पाहिलं. दोघांच्या गालावर रेघ आहे! बाकीच्यांनी माना पिसांत खुपसल्यात. पट्टकादंब हंस कधी येतात हो?

गोदाथडी:
मग त्या दोन भुवई, बाकीची नुसती 'बदकं' म्हणून ईबर्डवर (पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर) टाका. ओढूनताणून नाव देऊ नका.

पट्टकादंबाला थंडी पडू द्या. दिवसा पाण्याकाठी, संध्याकाळी हरभऱ्यात. गळ्यात ओळखीसाठी घातलेला पट्टा असलेला दिसला तर त्यावरची अक्षरं आणि पट्ट्याचा रंग टिपून ठेवा. मंगोलियात असे पट्टे घातलेले हंस भारतात दिसलेले आहेत.

मांजरगावचा शेतकरी:
हरभऱ्यात येतात हे खरं, आणि कोवळे शेंडे खातात हेही खरं. तुम्ही लोक फोटो काढता, आम्ही राखण करतो. या, पण बांधावरून चाला, वाफ्यातून नको. आणि सध्या धरणात पाणी भरपूर आहे. कालव्याला सोडलं की गाळाची बेटं उघडी पडतील, मग पक्षी जवळ येतील. आत्ता सगळे विखुरलेत.

सिन्नरकर:
बरं, टाळी रद्द. रविवारी साडेसहाला मनोऱ्यावर भेटू. स्कोप (लांबचं बघायची मोठी दुर्बीण) मी आणतो. नऊनंतर पाण्यावर हवा थरथरायला लागते, काही दिसत नाही, तेव्हा उशीर करू नका. चहा कुणीतरी आणा.