टोमॅटोच्या नागअळीवरचा मित्रकीटक कोणता? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. जुन्नर तालुक्यात आमचा एकरभर टोमॅटो आहे. यंदा पानांवर नागअळीच्या (पानाच्या आत बोगदे करून खाणाऱ्या अळीच्या) पांढऱ्या रेषा फार. फवारणीआधी दहा-बारा पानं भिंगाखाली उघडली आणि हात थांबला. बोगद्यात नागअळी मेलेली, शेजारी निळसर-हिरवी दुसरीच छोटी अळी! एका ठिकाणी तर कोषाच्या बाजूला विष्ठेचे काळे खांब, जणू छताला दिलेले टेकू. ही खूण डिग्लिफस आयसिया या बारीक परजीवी गांधीलमाशीची. तिची मादी नागअळीला डंख मारून निपचित करते आणि शेजारी अंडं घालते. युरोपात काचघरांतल्या पिकांवर ती मुद्दाम सोडतात.

पण बरणीत ठेवलेल्या पानांतून दोन नर निघाले, त्यांच्या मिशांना फांद्या आहेत. म्हणजे हेमिप्टार्सेनस व्हॅरिकॉर्निस ही तशीच दुसरी गांधीलमाशीसुद्धा असणार. दोन्ही एकाच शेतात कुणाला सापडल्यात का? आणि चवळी, घेवडा, झेंडू, एरंडी यांच्या नागअळीवर? कोकण-विदर्भातल्यांनी जरूर सांगा, पीक आणि महिना लिहून. माद्या वेगळ्या कशा ओळखायच्या तेही हवंय. तोवर मी फवारणी थांबवली आहे, कारण औषधाने आधी या गांधीलमाश्याच मरतील.