जिभेची आग आणि जिरावणाला रामराम

दीड वर्ष झालं, जीभ चटका बसल्यासारखी जळते. सकाळी बरी, दिवेलागणीला असह्य. फोड नाही, चट्टा नाही; दाताचे डॉक्टर म्हणाले, "काकू, मनाचं आहे." इंदूरला राहून पोह्यांवर जिरावण (आपला इंदुरी चटपटीत मसाला) नाही, म्हणजे काय जगणं! वय ५४. कुणाला आराम पडलाय?

उत्तर: मनाचं नाही हो ताई. बी-१२, लोह, थायरॉईड, साखर तपासली का? माझं बी-१२ कमी निघालं, इंजेक्शनांनी फरक पडला.

उत्तर: सगळं नॉर्मल आलं तर बर्निंग माउथ सिंड्रोम (कारण न सापडता तोंडाची आग होणं) असू शकतो, पाळी गेल्यावर बायकांत जास्त. आईला क्लोनाझेपामची गोळी चोखून थुंकायला दिलेली, डॉक्टरांनीच हं.

उत्तर (मीच, प्रश्न विचारणारी): बी-१२ची तपासणी उद्याच करते. गंमत म्हणजे जेवताना आग थांबते, म्हणून सारखी चरत असते!